गाणं कोणत्या डब्यातलं

आमच्या घरात गाणी डब्यांत राहत. बिस्किटांचे मोठे चौकोनी पत्र्याचे डबे, दुकानदारांकडून रिकामे झाले की बाबा मागून आणायचे आणि पुढच्या खोलीतल्या फळीवर ओळीने मांडून ठेवायचे. प्रत्येकाच्या झाकणावर रंगीत चिकटपट्टी. पिवळी हळदीची, निळी जयंतीची, हिरवी बारशाची, लाल विदाईची. पांढऱ्या पट्टीचा डबा सगळ्यात खाली, कोणी गेल्यावरच्या कार्यक्रमाचा, त्याला आई फडकंसुद्धा लावत नसे. बाबांचा धंदा भोंग्यांचा. नागपुरात जरीपटक्याच्या आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी मांडव पडला की आधी आमच्याकडे निरोप यायचा, आणि मग आमच्या गच्चीवरून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ सुरू व्हायचं. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांचेच वडील सकाळी उठून स्वतःलाच हॅलो म्हणतात.

बाबांचा एक नियम होता. अर्थ माहीत नाही ते गाणं भोंग्यातून जाणार नाही. यामागे एक जुनी जखम होती. माझ्या जन्माआधी कोणाच्या तरी बारशात त्यांनी नुसती चाल गोड म्हणून एक कॅसेट लावली. दुसऱ्या कडव्यात गाण्यातला माणूस मेला. बाळाची आत्या घुगऱ्यांची वाटी तशीच ठेवून उठली आणि बाबा तिथून वायरी गुंडाळत निघाले ते हा नियम घेऊनच. तेव्हापासून नवीन कॅसेट आली की ते दुपारी जेवण झाल्यावर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, डोळे मिटून, मधे मधे मान हलवत, आणि मग पट्टी कापायचे. आम्हा दोघी बहिणींना तेवढा वेळ बोलायची बंदी. आई तेवढ्यात सांडगे घालून घ्यायची, किंवा वांगी भाजून ठेवायची, आणि त्या भाजक्या वांग्यांचा वास नाकात शिरला की मला आजही कुठलं तरी अर्धवट गाणं ऐकू येतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं, शालूताईचं साक्षगंध झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगा नरखेडकडचा, सुधाकर नावाचा. त्याचे वडील गुरुजी, आणि गावाबाहेर संत्र्याची लहानशी बाग. सुधाकर शेतकी शिकलेला, दिसायला बरा आणि बोलायला इतका कमी की साक्षगंधाच्या दिवशी तो दोनदाच बोलला. एकदा ‘पाणी’ म्हणाला आणि एकदा ‘नको’. ताई त्याच दिवशी त्याच्यावर जीव टाकून बसली होती हे मला सोडून कोणाला कळलं नाही, कारण तीही तितकीच कमी बोलणारी. दोघांचा संसार इशाऱ्यांवर चालणार, असं मी आईला म्हणाले होते आणि आईने लाटणं दाखवलं होतं. साक्षगंधानंतर महिनाभरातच सुधाकरला स्पेनला जायची संधी आली. तिकडेही संत्र्याच्या बागा, कलमं कशी बांधतात, माल कसा भरतात, ते शिकायला काही जणांना पाठवत होते. लग्न उन्हाळ्यावर गेलं. ताईने सासरकडून आलेली साक्षगंधाची जांभळी साडी घडी करून कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली आणि रोज कपाट उघडलं की तिच्यावर नुसता हात फिरवायची.

थंडी संपत आली होती तेव्हाची रविवारची एक दुपार. सुधाकरबरोबर गेलेल्यांपैकी एक जण आधी परतला होता. तो दारात उभा राहिला, हातात एक कॅसेट दिली, ‘सुधाकरनं दिली, शालिनीसाठी’ म्हणाला, आणि ऑटो थांबलाय म्हणून चहासुद्धा न घेता गेला. चिठ्ठी नाही, कॅसेटवर नाव नाही. ताईने ती घेतली आणि बाबांच्या हातात दिली, कारण आमच्या घरात कॅसेट आली की ती बाबांच्या हातात जाते, मग ती पोरीच्या होणाऱ्या नवऱ्याची का असेना. बाबांनी लगेच लावली. आता, त्या दिवशी सकाळी त्यांनी एक दुरुस्त केलेला भोंगा तपासायला गच्चीवर जोडला होता, आणि तो काढायचा राहिला होता. त्यामुळे सुधाकरचं गाणं आमच्या आधी गल्लीनेच ऐकलं.

गिटार आणि एका पुरुषाचा आवाज. एवढंच. पण तो आवाज असा, की जणू कोणी विहिरीत वाकून खाली काहीतरी हरवलेलं बघतोय. प्रत्येक ओळ वर चढायची आणि टोकावर जाऊन खाली बसायची. एक अक्षर कळत नव्हतं. आई हातातला कांदा तसाच धरून दारात आली. गाणं संपलं, तर तेच पुन्हा सुरू झालं. सुधाकरने अख्ख्या कॅसेटभर तेच एक गाणं भरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन दबक्या आवाजात आईला म्हणाल्या, “मायाबाई, कोण गेलं वं?”

बाबांनी घाईने गच्चीची वायर काढली. मग खुर्चीत बसून पुन्हा ऐकलं, डोळे मिटून. मान मात्र हलली नाही. शेवटी डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“छोटे, तुले फ्रेंच येते ना?”

इथे मला माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, आणि ते फार अभिमानाने सांगता येणार नाही. मी अकरावीत फ्रेंच घेतलं होतं, कारण त्यात मार्क भरपूर मिळतात असं वर्गातल्या मुली म्हणत. मार्क मिळाले. त्यानंतर घरात पाहुणा आला की आई म्हणायची, छोटीला फ्रेंच येतं. मला प्रत्यक्षात तीन वाक्यं येत होती. माझं नाव अमुक आहे, माझ्या काकांचं घर मोठं आहे, आणि खिडकी उघडी आहे. पण पाहुण्यांसमोर ती तीन वाक्यं मी वेगवेगळ्या चालींत म्हणत असे, आणि आमच्या गल्लीत त्यांना आव्हान देणारं कोणी नव्हतं.

“बाबा, हे स्पॅनिश आहे,” मी म्हणाले.

“बहिणीच नं दोघी भाषा? थोडंफार तं समजन.”

नाही म्हणायला हवं होतं. दोन अक्षरांचा शब्द, सुधाकरलासुद्धा जमत होता तो. पण बाबा माझ्याकडे बघत होते, आई कांदा घेऊन उभी, ताई उंबऱ्यात. मी वही-पेन्सिल घेतली, बाबांसारखे डोळे मिटले आणि गाणं तीनदा ऐकलं. ‘आमोर’ आलं, ते प्रेम. ‘कोरासोन’ आलं, ते हृदय. आणि शेवटच्या कडव्यात, आवाज जिथे अगदी जमिनीला टेकतो तिथे, ‘आदिओस’. ते तर शेंबड्या पोरालाही माहीत. तीन शब्द आणि ती चाल, बाकी सगळं मी भरलं. गळा साफ करून मी वाचून दाखवलं: “प्रेमाचा काळ संपला. आता मधे समुद्र आला आहे. तुझ्या हृदयाची खिडकी बंद कर. आदिओस, माझी वाट पाहू नकोस.” खिडकी कुठून आली ते वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

मला वाटलं, शाबासकी मिळेल. बाबांनी मान डोलावली, लाल पट्टीचा डबा काढला, ‘म्हंजे विदाईचं’ म्हणाले आणि कॅसेट आत ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. मग आईचा चेहरा बदलला. आणि मग, सगळ्यात शेवटी, मी काय वाचलं ते मला समजलं. मी वाचत होते तेव्हा ते एक गाणं होतं. बाबांचा हात थांबला तेव्हा ते सुधाकरचं उत्तर झालं.

“एवढं बोलाले त्याले तोंड नव्हतं, म्हणून गाणं पाठवलं का?” आई म्हणाली. ताई आत गेली.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने जांभळी साडी कपाटातून काढली, इस्त्री केली, खोक्यात घातली आणि खोकं कपाटावर ठेवलं, जिथे आम्ही परत करायच्या वस्तू ठेवतो. पोहे केले तर पोहे खायची, भाकरी दिली तर भाकरी, पण चव विचारली की ‘बरं आहे’ म्हणायची, मीठ घालायचं राहिलं होतं तेव्हाही. नरखेडहून गुरुजींनी साक्षगंधानंतर पाठवलेल्या संत्र्यांच्या टोपलीत शेवटची चार-पाच उरली होती, सालं सुकून आत चिकटलेली. कोणी ती खाईना आणि कोणी टाकेना. घरात पहिल्यांदा बाबा सकाळी हॅलो म्हणेनासे झाले. गुरुवारी ते आईला म्हणाले, “रविवारी सकाळच्या एसटीनं जातो नरखेडले. गुरुजीले तोंडावर विचारतो. लपवाछपवी नाही पाहिजे. साडी संग नेतो.”

साडी संग नेतो, याचा अर्थ कळण्याइतकं माझं मराठी पक्कं होतं. आमच्यात साक्षगंधाची साडी पुन्हा त्या उंबऱ्यावर गेली की मग बोलणी होत नाहीत, माफी होत नाही, दोन्ही घरं एकमेकांच्या कार्यक्रमांनाही जात नाहीत. माझ्या एका खिडकीपायी हे होणार होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात स्पॅनिश शब्दकोश शोधला. तिथे फ्रेंचचा होता, तोही मी यापूर्वी कधी उघडलेला नव्हता.

शनिवारी सकाळी ताई मोरीत भांडी घासत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. “ताई, मले स्पॅनिश येत नाही.”

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “फ्रेंच तरी कुठं येते तुले?”

“मग तू ऐकून काहून घेतलं?”

तिने कढईला राख लावली. “तुह्यं नाही ऐकलं वं. गाण्याचं ऐकलं. तसा आवाज माणूस खुशीत असल्यावर काढते का?” मी इतकंच म्हणाले की अर्थ तरी खरा कळू दे, मग साडी जाऊ दे. ताई बराच वेळ कढई घासत राहिली. एवढी स्वच्छ ती कढई नंतर कधी झाली नाही. मग हात धुऊन ती म्हणाली, “कोणाले विचारतं?”

मला सिस्टर इनेस आठवल्या होत्या. लहानपणी आई आम्हाला सुया टोचायला नेत असे त्या छोट्या दवाखान्यात त्या होत्या, आमच्या आईच्या लग्नाआधीपासून नागपुरात. गोऱ्यापान, सुरकुतलेल्या, आणि मराठी अशी की डोळे मिटून ऐकलं तर बाजारात भाजी घेणारी कोणी आजी वाटावी. त्या मूळच्या कुठल्या, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पण एकदा मी सुई टोचून घेताना त्यांना चावले होते आणि त्या जे काही ओरडल्या होत्या, त्यात गाण्यातल्या ‘आदिओस’सारखं ‘दिओस’ होतं. एवढ्या पुराव्यावर आम्ही दोघी बाबांचा छोटा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून निघालो.

दवाखान्यात बाळांची वजनं चालली होती, आणि खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची रांग. सिस्टरनी मला ओळखलं. “हेच नं ते, चावणारं?” मी मान खाली घातली. “काय झालं वं, ते दुसरी काहून असं तोंड करून उभी आहे?” मी घडलेलं सगळं सांगितलं, खिडकीसकट. त्यांनी बोटाने टेप लावायची खूण केली.

पहिली ओळ आली आणि त्यांचा हात काट्यावरच राहिला. काट्यात एक बाळ होतं, तेही गप्प झालं. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. “पुन्हा लाव,” म्हणाल्या. पुन्हा लावलं. मग त्यांनी बाळ आईच्या हातात दिलं, चष्मा पुसला आणि स्टुलावर बसल्या.

“हे आमच्याकडे बागेतले मजूर म्हणत,” त्या म्हणाल्या. “माह्या बापाले येत होतं. ऐक आता. हा माणूस दूर दुसऱ्याच्या बागेत तोडीले गेला आहे. म्हणते, इथली संत्री गोड आहेत, पण माह्यानं एक संत्रं पुरं खाल्लं जात नाही. मी सोलतो, अर्धं खातो, अर्धं भिंतीवर ठेवतो. दुसऱ्या कडव्यात सोबतचे त्याले हासतात, म्हणतात, काहून गा, अर्धं कोणासाठी ठेवतो? तो म्हणते, जिच्यासाठी ठेवतो ते इथं नाही, पण सवय लागू द्या. मंग सांज होते. मुंग्या येतात, भिंतीवरचं अर्धं घेऊन जातात. तो म्हणते, नेऊ द्या, उद्या पुन्हा ठेवीन.”

“आणि आदिओस?” मी विचारलं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर दोन दिवस तिथे तिची चार बोटं होती.

“ते शेवटी. बहार संपते नं, तवा. तो निघते.” सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. “आदिओस त्या बागेले आहे, पोरी. बागेले म्हणते, तुही गोड संत्री तुह्यापाशी राहू दे, मी जातो माह्या घरी. नवरीले नाही ते.”

मग ताई रडली. आठवडाभराचं एकदम. बाळांच्या आया बघत राहिल्या. सिस्टरनी तिला वजनाच्या काट्याशेजारचा टॉवेल दिला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “इच्यापासून सांभाळून राह्यजो. आधी चावे, आता गाणी सांगते.” ताई रडता रडता हसली, आणि माझ्या छातीवरून कोणी तरी भोंग्याचा मोठा खोका उचलला असं मला वाटलं. परत येताना तिने मला रस्त्यात थांबवून तर्री-पोहे खाऊ घातले. तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तिखटानेच येतंय असं मी तिला दोनदा सांगितलं.

घरी बाबांची पिशवी भरून तयार होती, वर साडीचं खोकं. मी उभ्या उभ्या कबूल केलं. आईने मला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, माझी मुलंही हे वाचतील. बाबांनी मात्र ताईला सिस्टरचा अर्थ पुन्हा पुन्हा सांगायला लावला, डोळे मिटून ऐकला, आणि या वेळी मान हलली. मग म्हणाले, “समजलं. पण मंग आता कोणत्या डब्यात टाकू?” ताईने खोकं उचललं आणि साडी जिथली तिथे ठेवून दिली. सोमवारी सकाळी गच्चीवरून पुन्हा ‘हॅलो, हॅलो’ ऐकू आलं.

चार दिवसांनी सुधाकरचं पत्र आलं. कॅसेटच्या आधी टाकलेलं, पण पोस्टाच्या हातात पडलेलं. ते बाबांनी मोठ्याने वाचलं, कारण त्यातही लपवाछपवी नको होती. तब्येत, हवा, कलमं, आणि शेवटी दोन ओळी: ‘कॅसेट पाठवत आहे. अर्थ मी लिहीत नाही, मला संकोच वाटतो. आपल्या धाकट्या बहिणीला फ्रेंच येतं, त्या बरोबर सांगतील.’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी आईला म्हणाले, सांडगे घालायचे आहेत ना, मी घालते.

उन्हाळ्यात लग्न झालं. बाबांनी स्वतःच्या पोरीच्या लग्नात भोंगे दुसऱ्या कोणाला लावू दिले नाहीत. पंगत बसली, वांग्याच्या रश्श्याच्या बादल्या फिरायला लागल्या, तेव्हा मधेच ते गिटार सुरू झालं. एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, हे काय लावलं गा? बाबा म्हणाले, “घरी येणाऱ्या माणसाचं गाणं आहे. जेवा तुम्ही.” शेजारच्या काकूंनी मात्र पान अर्धवट सोडून इकडेतिकडे पाहिलं, सगळे जिवंत आहेत याची खात्री केली, आणि मग पुन्हा जेवायला बसल्या.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सिस्टर इनेस त्यांच्याही आधी गेल्या. डबे माझ्याकडे आहेत. एक गोष्ट मी कोणाला कधी बोलले नव्हते. इतकी वर्षं मनाच्या कोपऱ्यात एक शंका बसून होती. मी मिरवण्यासाठी अर्थ रचला, तसा सिस्टरनी दयेपोटी रचला असेल तर? समोर एक पोरगी तसं तोंड करून उभी, कोणालाही सुचलं असतं. ताईचा संसार छान झाला, दोन मुलं झाली, बागेत मोसंबीही लागली, पण गाणं आठवलं की मी सिस्टरचं एकेक वाक्य पुन्हा तपासत बसायचे.

मागच्या महिन्यात ताईची मुलगी आली होती. डबे आवरताना तिला ती कॅसेट सापडली, लाल डब्यात नाही, कुठल्याच डब्यात नाही, फळीच्या मागे एका वेगळ्या डबीत. डबीवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘अर्थ माहीत आहे. (सिस्टरकडून. छोटीकडून नव्हे.)’ भाची पोट धरून हसली. टेपरेकॉर्डरवर लावली, तर कॅसेट अजून वाजत होती. तिने मोबाईल समोर धरला आणि म्हणाली, “मावशी, हा ऐकून अर्थ सांगतो. बघू?” मला नाही म्हणायचं होतं. पण दोन अक्षरांचा तो शब्द मला याही वेळी जमला नाही.

मोबाईलने पडद्यावर ओळी टाकल्या, कोरड्या, सरकारी पत्रासारख्या. मी अर्धे खातो. अर्धे भिंतीवर ठेवतो. मित्र हसतात. मी खाली खाली वाचत गेले आणि शेवटची ओळ आली: निरोप, हे बाग, मी माझ्या घरी जात आहे. मी चष्मा काढून ठेवला आणि भाचीला म्हणाले, चहा टाक, साखर जास्त घाल. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. मुंग्या. मुंग्या कुठेच नव्हत्या. त्या सिस्टरनी घातल्या होत्या, दवाखान्याच्या खिडकीतल्या.

ताईला फोन करून मी हे सांगितलं. तिकडून सालं सोलल्याचा आवाज येत होता. आमचे भाऊजी अजूनही एक संत्रं पुरं खात नाहीत. अर्धं खातात आणि काही न बोलता अर्धं तिच्या ताटाशी ठेवतात.

“मुंग्या नाहीत म्हणते तो मोबाईल?” ताई तोंडात फोड घेऊन म्हणाली. “मंग त्यालेबी स्पॅनिश तुह्यासारखंच येते वाटते.”